कुणावर गेलीय?

बिबवेवाडीतल्या कल्याणीची दोन बाळं पाळण्यातच गेली. डॉक्टर म्हणाले, "पेशींना शक्ती पुरवणाऱ्या भागात दोष आहे. तो आईच्याच बीजातून उतरतो. दुसऱ्या बाईचं बीज घेतलं, तर बाळ वाचेल." देणारीचं नाव कधीच कळणार नव्हतं. तरी कल्याणी तयार झाली. तिच्या पोटात वाढलेली पूर्वा आज दोन वर्षांची, ठणठणीत आहे.

परवा स्वारगेटला बसमध्ये मायलेकींच्या समोर एक अनोळखी बाई बसली. पूर्वासारखेच घारे डोळे, हनुवटीवर तशीच खळी. कल्याणीने लेकीला मांडीवर जवळ ओढलं. परक्यांना बुजणाऱ्या पूर्वाने त्या बाईकडे हात पसरले.

"गोड आहे हो! कुणावर गेलीय?" बाईने विचारलं.

"माझ्यावर," म्हणत कल्याणी लेकीला घट्ट धरून पुढच्याच थांब्यावर उतरली.

बस हलली. बाई खिडकीतून वळून बघत राहिली आणि पूर्वा तिला हसून टाटा करत होती.