मशीनमामांची खिडकी उघडत नाही

छापखान्यात तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. बाकी सगळ्यांच्या तोंडी ती वेलांटीताई. बाविसाव्या वर्षी ती प्रुफं तपासायला म्हणून लागली आणि पहिल्याच आठवड्यात तिने मालकांच्या स्वतःच्या भाषणातल्या सात वेलांट्या बदलून तो लाल शाईने रंगलेला कागद मालकांच्याच टेबलावर नेऊन ठेवला. सगळ्यांना वाटलं, गेली हिची नोकरी. मालकांनी चष्मा पुसला, कागद वाचला आणि म्हणाले, "इतकी वर्षं कुणी बोललं कसं नाही मला?" त्या दिवसापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

तिची खोली जिन्याखाली होती. एक टेबल, एक दिवा, आणि पलीकडे यंत्रघर. मोठं यंत्र चालू झालं की टेबलावरची दौत थरथरायची. ते यंत्र चालवणारे मशीनमामा. अंगाने आडवे, बोलायला कमी. उलटी अक्षरं ते सुलट्यासारखी वाचायचे. ताईच्या नजरेतून एखादी चूक निसटली की यंत्र थांबवून ओला कागद दोन बोटांत धरून तिच्या दारात उभे राहायचे. "ताई, हे एकदा बघून घेता का?" एवढंच. चूक हा शब्द त्यांनी तिच्यासमोर कधी काढला नाही.

तिच्या सेहेचाळिसाव्या वर्षी छापखाना बंद पडला. अक्षरांचे शिशाचे खिळे मोडीत गेले, यंत्राचे सुटे भाग झाले. निरोपाच्या दिवशी कुणीतरी कॅमेरा आणला आणि एकतीस जणांचे एकेक करून फोटो काढले. मशीनमामा फोटोसाठीसुद्धा हात पुसायला तयार नव्हते. "शाई नसेल तर लोक ओळखणार कसे?" म्हणाले.

कोपऱ्यातला एक जुना कॉम्प्युटर कुणालाच नको होता. ताईने तो घरी आणला. नवरा म्हणाला, "ह्याच्यावर काय करणार तू? कपडे वाळत घालणार?" दुसऱ्याच आठवड्यात तिने वाचनालयात वेब पानं बनवण्याच्या वर्गात नाव घातलं. वर्गात तीच सगळ्यांत मोठी, शिकवणारे सर तिच्या निम्म्या वयाचे.

पहिल्या महिन्यातली गोष्ट. फळ्यावरचा जावास्क्रिप्टचा तुकडा सगळ्यांनी टिपून घेतला, चालवला आणि सगळ्यांची पानं ठप्प. खाली कोपऱ्यात नुसता एक पिवळा त्रिकोण. सरांनी अर्धा तास डोकं खाजवलं. शेवटी ताईने हळूच हात वर केला. "सर, चौथ्या ओळीत शेवटचा 'डी' मोठ्या लिपीतला आहे. मागच्या धड्यात तो लहान होता." सरांनी खडूने अक्षर बदललं, सगळ्यांनी आपापलं बदललं आणि पानं धावायला लागली. एवढ्याशा अक्षरावरून अडून बसणारी भाषा बघून वर्ग वैतागला होता. ताईला मात्र माहेरी आल्यासारखं वाटलं.

पुढच्या काही वर्षांत गावातल्या शाळेची, दवाखान्याची, प्रवासी कचेरीची पानं बिघडली की लोक तिच्याकडे यायला लागले. ती आधी माणसाला बसवायची, मग विचारायची, "नेमकं काय दाबलंत आणि नेमकं काय झालं?" प्रवासी कचेरीतला कारकून एकदा घायकुतीला येऊन सांगत आला की वेळापत्रकाची खिडकी एकदा उघडते, मग किती दाबा, उघडतच नाही. ताईने मोठी खिडकी खाली घेतली. वेळापत्रक मागे निवांत पसरलेलं. प्रत्येक खेपेला त्याच नावाच्या त्याच खिडकीत नवं पान भरत होतं आणि ती बिचारी मागेच दडलेली. एका ओळीने ताईने तिला पुढे यायला शिकवलं.

शाळेच्या पानावर विद्यार्थ्यांची यादी येत नव्हती तेव्हा तिने तिथल्या शिक्षिकेला छापखान्याच्या भाषेत समजावलं. "बाई, तुमची सूचना पानाच्या डोक्यावर लिहिली आहे. ब्राउझर वरून खाली वाचत येतो. खालचा मजकूर अजून जुळलाच नाही आणि तुम्ही त्याला सांगताय, दहाव्या ओळीत दुरुस्ती कर. तो म्हणतो, कुठली दहावी ओळ? आधी पान पुरं जुळू द्या, मग प्रूफ तपासा." शिक्षिकेने ते वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं.

ह्याच काळात तिने छापखान्याचं पान बनवलं. एका खाली एक एकतीस नावं. नावावर दाबलं की छोटी खिडकी उघडायची. तीत त्या माणसाचा निरोपाच्या दिवशीचा फोटो आणि खाली ताईने लिहिलेल्या चार ओळी. खिडक्यांची लांबीरुंदी तिने जाहिरातीचे रकाने मोजावेत तशी मोजून ठरवली होती. जुनी मंडळी फोन करून सांगायची, "काय गं, माझं पोट एवढं दिसतंय होय!" मशीनमामांनी फोन केला नाही. पण ते आपल्या मुलीला रोज ते पान उघडायला लावतात, हे तिच्या कानावर आलं होतं.

मामा गेले. महिन्याभराने मामींनी तिला निरोप पाठवला. संधिवाताने बोटं वाकडी झालेली, नावावर नेमकं दाबणं जमत नाही. ताईने त्यांच्यासाठी वेगळं पान करून दिलं. ते उघडलं की मामांची खिडकी आपोआप उघडायची. सहा वर्षं ती उघडत राहिली.

आणि एका दुपारी फोन आला. "ताई, ह्यांची खिडकी उघडत नाही. आजचा चौथा दिवस."

ताई तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होती आणि नुकतंच तिने सगळ्यांना सांगून टाकलं होतं की आता दुरुस्त्या बंद. तिने पिशवीत चष्मा आणि वही टाकली आणि बस पकडली.

मामींच्या स्वयंपाकघरात, धान्याच्या डब्यांच्या शेजारी कॉम्प्युटर होता. मुलीने चार दिवसांपूर्वी सासरी परत जाताना नवा बसवून दिलेला. ताईने पान उघडलं. नुसतं पांढरं पान. पण वर पत्त्याच्या पट्टीच्या टोकाला एक इवलीशी खूण होती. खिडकीचं चित्र आणि त्यावर फुली.

"मामी, हा नवा ब्राउझर संशयी आहे. माणसाने काही दाबलं नाही आणि तरी खिडकी उघडायला लागली की हा तिला दारातच अडवतो. जाहिरातवाल्यांनी फार उच्छाद मांडला होता ना, त्यात आपले मामाही अडकले."

"ह्यांना कसली जाहिरात," मामी म्हणाल्या. "लग्नातसुद्धा मागे उभे होते."

ताईने परवानगी दिली. खिडकी उघडली. मामा आले, काळ्या हातांसकट. पण फोटोखालच्या चार ओळी नव्हत्या. तिने चुकांची पाटी उघडली. तिथे लाल अक्षरांत एक ओळ होती, आणि ती वाचून ताई स्वतःवरच हसली. तिचा मजकूर खिडकी उघडल्या क्षणी आत शिरायला बघत होता आणि आतला रकाना अजून तयारच झालेला नव्हता. शाळेच्या बाईंना जे तिने शिकवलं होतं, तेच ती स्वतः विसरली होती. जुन्या ब्राउझरमध्ये ते नशिबाने खपून गेलं होतं.

"ओळी परत येतील ना?" मामींनी विचारलं.

"येतील की."

"मग जशाच्या तशाच आणा. ते अक्षरही बदलू नका."

"कुठलं अक्षर?"

मामी जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही लिहिलंय ना, मशीनमामा आम्हा सगळ्यांना वडीलच होते. त्यात वडीलमधली वेलांटी चुकली आहे. पहिल्याच दिवशी ह्यांच्या लक्षात आलं होतं. मी म्हटलं, फोन करा ताईला. तर म्हणाले, नको. आयुष्यभर तिला कागद नेऊन दाखवले. हे तिने माझ्यासाठी प्रेमाने, घाईत लिहिलंय, राहू दे तसंच."

ताईने मजकूर उघडून बघितला. 'वडिलच'. दुसरी हवी तिथे पहिली. चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या वेलांट्या सरळ करणाऱ्या बाईच्या हातची, हजारो वेळा उघडलेल्या पानावरची. तिने चष्मा काढला. बराच वेळ ती पदराने काच पुसत बसली.

वेलांटी तिने तशीच ठेवली. मजकुराला मात्र खिडकी पूर्ण भरेपर्यंत थांबायला लावलं, आणि ओळी आल्या. पण तेवढ्याने तिचं समाधान होईना. उद्या ब्राउझर पुन्हा बदलला की पुन्हा फुली. ती म्हणाली, "मामी, वेगळी खिडकीच नको. फोटो सरळ पानातच बसवते. कुणी अडवायचा प्रश्नच नाही."

"नको हो," मामी पटकन म्हणाल्या. "पान उघडलं की ते आधीच तिथे बसलेले, असं नाही मला चालायचं. आधी नसतात, मग येतात. तेच तर मी बघते रोज."

ताईने मान डोलावली. मग तिने खुर्ची पुढे ओढली आणि तासभर खपून पानाच्या आतच एक चौकट केली. आधी लपलेली, पान भरलं की एका सेकंदाने पुढे येणारी. दिसायला अगदी जुन्या खिडकीसारखी.

"बघा बरं."

मामींनी बघितलं. "फार लवकर आले."

"लवकर?"

"हे कधी वेळेवर घरी आलेत का? यंत्र पुसून, मग शाईचे डबे बंद करून, मग बोळाच्या तोंडाशी कुणाशी तरी बोलून. आमटी दोनदा गरम व्हायची."

ताईने आकडा बदलला. तीन सेकंद. मामींनी मान हलवली. पाच. अजून नाही. आठ सेकंदांवर पान पांढरंच राहिलं, इतकं की ताईलाच वाटलं, काहीतरी बिघडलं. आणि मग मामा आले.

"हां," मामी म्हणाल्या. "आता बरोबर."

परतीच्या बसमध्ये ताईने वही उघडून उरलेल्या तीस नावांची यादी केली. त्या नावावर दाबून उघडत असल्या, तरी त्यांच्याही ओळी नव्या ब्राउझरमध्ये आज ना उद्या अडणारच होत्या. पुढचा महिनाभर तिने रोज एक नाव घेतलं आणि दुरुस्तीआधी त्या घरी फोन केला. "तुमचं माणूस किती सेकंदांनी यायला हवं?" पहिल्यांदा कुणालाच प्रश्न कळायचा नाही. कळला की पलीकडून हसू यायचं. बांधणीवाल्या काकांच्या सुनेने दोन सांगितले. खिळे जुळवणाऱ्या आजोबांच्या नातीने वीस सांगितले आणि वर म्हणाली की तेही कमीच आहेत. फोरमनच्या मुलाने मात्र लगेच उत्तर दिलं.

"शून्य, ताई. आमचे बाबा सगळ्यांच्या आधी येऊन बसलेले असायचे."