दाक्तराचं दुखणं

"नींद कैसी आती है?"

समोर आलेल्या पोराचं मनगट धरून डॉक्टर पहिलं हेच विचारत. पोराला वाटे, नाडी मोजून राहिलेत. पण घड्याळ तर त्यांच्या कोटाच्या खिशात असे आणि नजर पोराच्या तोंडावर. मग शेजारून मी मराठीत विचारायचं, "झोप कशी लागते रे?" छाती, उंची, डोळे, दात, सगळं तपासून आलेलं ते धट्टंकट्टं पोरगं या सवालापाशी हटकून गडबडायचं. रात्री काय होतं हे त्याला आजवर कुणी विचारलेलं नसे.

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. हिंगोलीच्या जुन्या छावणीत एका रिकाम्या बंगल्यात पलटणीची भरती चाले. मी गावातल्या सरकारी शाळेत मास्तर. मला उर्दूही येई आणि मराठीही, म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत मला दुभाष्या नेमलं. नेमलं म्हणजे काय, तहसिलीतला चपराशी दारात येऊन उभा राहिला आणि मी टोपी घालून त्याच्यामागं निघालो. निजामाच्या राज्यात त्या दिवसांत सरकारी बोलावण्याला कारण विचारायची पद्धत नव्हती, आणि मी तर आधीच भित्रा माणूस.

लढाईवरून काही जवान अंगावर ओरखडा नसताना निकामी होऊन परत येत होते. म्हणून वरून हुकूम आला होता, की नव्या पोरांचं डोकंही तपासून घ्या. त्यासाठी वरांड्याच्या टोकाला एक टेबल मांडलं, त्यामागं डॉक्टर आणि बाजूला स्टुलावर मी. या टेबलाची भीती आसपासच्या खेड्यांत केवढी पसरली म्हणून सांगू! जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात म्हणे बायका एकमेकींना सांगत होत्या, की तिथं कवटीला भोक पाडून आत दिव्यानं बघतात. छाती फुगवून आलेली पोरं आमच्यापुढं येताना हात डोक्यावर धरून येत.

डॉक्टर स्वतः सडपातळ, पिकल्या दाढीचे, इस्त्रीचा कोट घालणारे. बोलणं इतकं हळू, की मला वाकून ऐकावं लागे. पहिल्या लढाईत ते इराकला फौजेच्या दवाखान्यात होते, एवढंच लोकांना ठाऊक होतं. मला आणखी एक गोष्ट ठाऊक झाली, तीही अपघातानं. एकदा पाणक्याच्या हातून पितळी घागर फरशीवर पडली. मी दचकलो आणि हसलो, तुम्हीही हसला असतात. पण डॉक्टरांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "कुछ नहीं, मास्टर, कुछ नहीं," ते म्हणत राहिले. घागर थांबली तरी ते म्हणतच होते. माझं हसू तिथंच विरलं.

झोपेनंतरचा त्यांचा दुसरा सवाल, "डर लगता है?" जो पोरगा "लागतं कधी कधी" म्हणे, त्याला ते सहसा पास करत. जो "भ्या? मला?" म्हणून मिशीवर हात फिरवी, त्याला मात्र बसवून ठेवत. काही बोलायचं नाही, नुसतं समोरासमोर बसायचं. मेंढरांमागं दिवस काढलेली पोरं खुशाल बसत. बाकीची थोड्या वेळात चुळबुळायला लागत. कुरुंद्याकडचा एक पैलवान तर अचानक रडायलाच लागला. काहून रडतो, तर त्यालाही सांगता येईना.

हा सवालही लवकरच बाजारात फुटला. मग टोळ्यांच्या टोळ्या येऊन टेबलापुढं उभ्या राहायच्या आणि मी तोंड उघडायच्या आत ओरडायच्या, "लई भ्या वाटतं, साहेब! रातंदिस वाटतं!" डॉक्टर माझ्याकडं बघत आणि दाढीतल्या दाढीत हसत. त्यांना हसताना मी बघितलं ते बहुतेक याच वेळा.

सुरुवातीला नापास झालेल्या पोराला ते खरं कारण सांगत. असं एक पोरगं नापास झालं आणि पंधरा दिवसांनी त्याचा बाप टेबलापुढं येऊन उभा राहिला. "साहेब, तुमी माज्या लेकराला येडं ठरवलं. सोयरीक मोडली त्याची. गावातली पोरं धोंडे मारून राहिली. आता त्यो घराबाहेर निघत न्हाई," म्हणाला. मी भाषांतर करत होतो, पण डॉक्टरांना त्याआधीच समजलं होतं. ते दिवसभर जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी टेबलाजवळ पाण्यानं भरलेली एक परात आली. ज्याचं डोकं त्यांना पलटणीच्या लायकीचं वाटत नसे, त्याला ते परातीत पाय बुडवून फरशीवर ठेवायला लावत आणि ओल्या ठशाकडं बोट दाखवून म्हणत, "पाँव सपाट है. फौज में नहीं चलेगा." बस्स. पायात खोट असायला लाज कसली? नांगरामागं चालायला तर पाय बराबर होते. पोरगं हसत घरी जाई. पुढं पुढं तर सोयरीक जुळवताना लोक मुलाचे पाय बघायला लागले, अशीही एक गंमत कानावर आली. डॉक्टरांना ती मी रंगवून सांगितली. आपण एक बरं खोटं शोधून काढलं, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

मग बिरू आला. कयाधू नदीच्या पलीकडच्या वाडीवरचा मेंढपाळाचा पोरगा, उंच आणि काटक. सगळ्या मोजमापांत पहिला. "नींद कैसी आती है?" या सवालाला त्यानं खरं उत्तर दिलं. "न्हाई लागत," म्हणाला. मागल्या पावसाळ्यात रानात त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या थोरल्या भावावर वीज पडली होती. तेव्हापासून आभाळ गरजलं, की याचे हातपाय ताठ होत, दातखीळ बसे, कुणी हाक मारली तरी ऐकू येत नसे. घरच्यांनी ही गोष्ट वाडीबाहेर जाऊ दिली नव्हती, कारण कुरुंद्याला त्याची सोयरीक ठरली होती. "मला न्या साहेब," तो म्हणाला. "तितं हातात बंदूक असती. भ्या निगून जाईल माजं."

डॉक्टरांनी त्याचं मनगट बराच वेळ सोडलं नाही. तोफांच्या आवाजात या पोराचं काय होईल ते त्यांना दिसत होतं, आणि त्यांच्या तोंडाकडं बघून मलाही थोडं दिसलं. मग त्यांनी परातीकडं बोट केलं. बिरूनं पाय ठेवला. "सपाट है," डॉक्टर म्हणाले.

पाऊस सुरू व्हायच्या आधी बिरू परत आला. बापाच्या खांद्यावर हात टाकून, टाचांवर चालत. वरांडा भरलेला होता आणि भरतीचा कप्तानही दारात उभा होता. बाप हौसेनं म्हणाला, "आता पाय बगा, साहेब. दुरुस्त करून आनलेत." बिरूनं परातीत पाय घातला आणि तोंड वाकडं केलं. फरशीवर ठसा उमटला तो लाल होता. वाडीवरच्या डाग देणाऱ्या म्हाताऱ्यानं तापलेल्या विळ्यानं दोन्ही तळव्यांना आतल्या अंगानं डागलं होतं. कातडी आकसली, की तळवा वर उचलतो, असं त्याचं शास्त्र होतं.

"किसने किया ये?" डॉक्टर ओरडले. त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"तुमीच म्हनले व्हते ना, पायात खोट हाय म्हनून," बाप गोंधळून म्हणाला.

डॉक्टर खाली फरशीवर बसले. त्यांनी स्वतःच्या हातानं त्या जखमा धुतल्या, मलम लावलं, पट्ट्या बांधल्या. आता पोराला पास केलं तर ते लढाईत मोडून पडणार. परत पायाचं सांगितलं तर ते आणखी काय जाळून घेईल, देव जाणे. आणि खरं सांगितलं, तर सोयरीक जाणार, धोंडे पडणार. पहिल्या पोराचा बाप मला आठवत होता.

डॉक्टर उठले. "पाय चांगला आहे," ते आपल्या मोडक्या मराठीत म्हणाले. "पहिल्यापासून चांगला."

मग रांगेतून कुणीतरी पुटपुटलं, "म्हंजी डोक्यात हाय." बिरूनं मान खाली घातली. त्याचा बाप एकदम म्हातारा दिसायला लागला.

"मास्टर, इनको बोलो," डॉक्टर म्हणाले. "इस लड़के को जो है, वही मुझको है."

मी कप्तानाकडं बघितलं आणि हळूच म्हणालो, "डॉक्टरसाहेब, जाऊ द्या ना."

"बोलो."

मी बोललो. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा बोलायला लावलं. मग ते सांगत गेले आणि मी मराठीत सांगत गेलो. इराकमध्ये दवाखान्याच्या तंबूवर गोळे पडले होते. हे तेवढे वाचले. घरी आल्यावर कित्येक वर्षं रात्री ओरडत उठून बाहेर धावायचे, म्हणून बायको, ती होती तोवर, दाराला आतून कुलूप लावून किल्ली उशाशी घेऊन निजायची. अजून भांडं पडलं तर पाय उचलत नाही. "भीती अंगात राहून जाते," ते म्हणाले. "मी जेवतो, काम करतो, नमाज पढतो. मला येडा म्हणायचं असेल तर म्हणा. मग यालाही म्हणा."

बिरूचा बाप पुढं झाला. "तुमाला बी असंच व्हतं?"

"होता है."

"मंग तुमी दाक्तर कसे राहिले?"

"डरते डरते," डॉक्टर म्हणाले.

कप्तान आत निघून गेला. आठवड्याच्या आत ते टेबल दुसऱ्या डॉक्टरकडं गेलं. ज्याचं स्वतःचं डोकं ठिकाणावर नाही त्यानं दुसऱ्यांची डोकी तपासू नयेत, असं कप्तानाचं म्हणणं पडलं. डॉक्टरांनी नोकरी सोडली, पण हिंगोली सोडली नाही. गावात त्यांना उघड उघड "येडा दाक्तर" म्हणायला लागले. टवाळ पोरं त्यांच्या दारात पत्र्याचे डबे वाजवून पळत. मला संताप यायचा. मी काठी घेऊन पोरांमागं धावायचो, पण दर वेळी आतून तेच ऐकू येई, "कुछ नहीं, मास्टर."

पण कयाधूच्या पलीकडं वेगळंच झालं. बिरूच्या दुखण्याला तिथं नाव मिळालं, दाक्तराचं दुखणं. कुरुंद्याचा सासरा म्हणाला म्हणे, येवढ्या शिकल्या-सवरल्या मानसाला व्हतं, तर पोराला झालं म्हनून काय बिगडलं? लग्न झालं. मी जेवायला गेलो होतो. डॉक्टर आले नाहीत, कारण वरातीत बार उडणार होते.

आभाळ भरून आलं, की बिरू मेंढरं बापाकडं सोपवून नदी ओलांडून यायचा. डॉक्टरांच्या वरांड्यात दोघं भिंतीला पाठ लावून बसत. गडगडलं, की डॉक्टर म्हणत, "मैं हूँ." बिरू म्हणे, "मी बी हाय." दोघांची अंगं कापत असायची. मी पलीकडं बसून हे बघायचो आणि मला त्यांची दया येत नसे, खरं सांगायचं तर थोडा हेवाच वाटे.

पुढं अठ्ठेचाळीस साल आलं. ते वर्ष ज्यांनी मराठवाड्यात काढलं त्यांना भीतीबद्दल मी काय सांगावं? आधी रझाकारांच्या भीतीनं आमची दारं बंद होती. भाद्रपदात हिंदुस्थानच्या फौजा आल्या, तेव्हा आमची उघडली आणि डॉक्टरांच्या गल्लीतली बंद झाली. विमानं गावावरून गेली त्या दिवशी डॉक्टर भर रस्त्यात थिजून उभे होते. मी त्यांना धरून त्यांच्या घरी आणलं. "हाथ मत छोड़ो, मास्टर," ते म्हणत होते. अंधार पडल्यावर मला माझ्या लेकरांची काळजी वाटली आणि मी घरी गेलो.

सकाळी त्यांच्या दाराला बाहेरून कडी होती. कुणी म्हणालं स्टेशनाकडं चालत जाताना दिसले, कुणी म्हणालं दुसऱ्याच वाटेला. कुणालाच नीट माहीत नव्हतं आणि त्या दिवसांत फार चौकशीही करता येत नव्हती.

दुपारनंतर आभाळ भरून आलं आणि बिरू आला, कमरेपर्यंत भिजलेला. "दाक्तर कुटं हायेत?"

"गेले रे."

"कुटं?"

"ठाऊक नाही."

तो वरांड्यात भिंतीला पाठ लावून बसला. मीही त्याच्या शेजारी बसलो. पहिला गडगडाट झाला तशी त्यानं गुडघ्यांना मिठी मारली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. आवाज पार लांब गेल्यावर त्यानं मला विचारलं, "गुरुजी, आता त्येंच्यासंगं कोन हाय?"