पहिल्या नंबरचं पोट

आमच्या वणीच्या गल्लीत भीती वाटण्याचा हक्क फक्त नापास होणाऱ्यांना होता. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. वर्गात माझ्या शेजारी ट्रकमिस्त्रीची मुलगी बसायची, मॅट्रिकला दोनदा आपटलेली. परीक्षा जवळ आली की ती दारात बसून मोठ्याने रडायची आणि अख्खी गल्ली तिची समजूत काढायला धावायची. तिचे अब्बा गरम जिलेबी आणायचे. मी मात्र पहिलीपासून पहिली. मी "कसंतरीच होतंय" म्हटलं की आत्या हसायची. "तुले काय भेव वं! तू तं पुस्तकं पिऊन बसली." विषय संपला. जिलेबी तर नाहीच.

तोंडावाटे बाहेर पडायची सोय नव्हती, म्हणून माझी भीती पोटात गेली. परीक्षेच्या सकाळी पोटात असं काही ढवळायचं की परसात पळावं लागे. घरात यावर बराच खल झाला आणि आईने गुन्हेगार पकडला: दही. हुशार पोरीच्या हातावर दहीसाखर ठेवणं आमच्याकडे पुण्याचं काम समजलं जाई. शाळेत पोचेपर्यंत दर चार पावलांवर कुणीतरी वाटी घेऊन उभं, आणि नाही म्हणणं अशुभ. कुणाचं दही कालचं, कुणाचं परवाचं.

"येवढं दही म्हशीलेबी सोसवत नाई," आई म्हणाली. मॅट्रिकच्या गणिताच्या पेपरला ती स्वतः फाटकात उभी राहिली आणि एकेकीला वाटीसकट परत पाठवलं. शेजारच्या काकू फणकाऱ्याने गेल्या. घरचं दहीसुद्धा शिंक्यावरून उतरलं नाही.

आणि दह्याचा थेंबही पोटात नसताना मी पुन्हा परसातल्या संडासात शिरले, पत्र्याच्या दाराला आतून कडी घातली आणि ठरवलं, आता बाहेर यायचं नाही. मॅट्रिक गेली खड्ड्यात.

बाहेर माणसं जमली. वडील खाकरून म्हणाले, "बाई, टाइम होऊन राह्यला." आत्याने तिचं ठरलेलं "तुले काय भेव" पुन्हा ऐकवलं. भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, "आमचं दही नाई चाललं न? भोगा आता!" मला सगळ्यांचा इतका राग आला की मी कडी आणखी घट्ट धरली.

मग मिस्त्रीची मुलगी आली. आम्ही रोज बरोबरच शाळेत जायचो. तिने सगळ्यांना मागे सारलं आणि रडून घोगऱ्या झालेल्या आवाजात दाराच्या फटीतून हळूच विचारलं, "भेव लागून राह्यलं का वं?"

आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हणाले, "हो."

"तुलेबी?" ती एवढी खूश झाली की स्वतःचं रडणं विसरली. मग जाणत्या माणसाच्या थाटात तिने मला शिकवायला घेतलं. "आयक. पेपर हाती आला का पयले काईच दिसत नाई. सारं पांढरं. पानी मांग. आपलं नाव लिव. मंग दिसते."

"नाई दिसलं तं?"

"तं नापास. म्या होऊन पायलं न दोन खेपा. मेली काय म्या?"

मी कडी काढली. आई माझे डोळे पुसू लागली, तर तिनेच आईला दटावलं, "राहू द्या काकू, रडू द्या जराशी."

पेपर हातात आला आणि खरंच काही दिसेना. मी पाणी मागितलं. नाव लिहिलं. मग दिसलं.

निकाल लागला. मी पहिली आले, ती पुन्हा आपटली. काय बोलावं याची तयारी करत मी तिच्या घरी गेले. ती अंगणात तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"आता तू नागपूरले कालेजात जाशीन," ती म्हणाली. "तथं दाराबाहेर कोन उभं राहीन वं?"

मला हुंदका फुटला. परसात नाही, कडी लावून नाही; भर अंगणात, गळा काढून. तिची आई पिठाच्या हातांनी बाहेर धावत आली. "क्या हुआ? ये बी फेल हो गई क्या?"

"नहीं अम्मी," ती माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "पास हुई, इसलिए रो रई."