चांदण्यांचे कप

सुट्टीत लेकीला चहापार्टी हवी होती, म्हणून डोंबिवलीतल्या एका पार्टीच्या सामानाच्या दुकानात मी थीम शोधत होते. शेजारी एक आजोबा नातीसाठी कप निवडत होते. प्रत्येक कपाच्या कडेवरून अंगठा फिरवायचे, टोचत नाही ना ते बघायचे आणि नीट परत ठेवायचे. दुकानदारानं चांदण्यांचा सेट पुढे केला.

"चांदण्या नको रे," ते हळूच म्हणाले. "तिची आई गेली तेव्हा मीच सांगून बसलो, आई चांदणी झाली. आता चांदणी दिसली की पोर खाली ये म्हणून हाका मारते."

ते हत्तींचे कप घेऊन गेले. मी चांदण्यांचेच घेतले.

पार्टीत लेकीनं भरलेला कप माझ्यापुढे ठेवला. "आई, पी ना."

मला तो उचलवेना.