युनूसभाईंनी महिनाभर कॉम्प्युटर स्लो ठेवला

युनूसभाई आज सकाळी गेले. ते नसते तर माझं लग्न कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरच मोडलं असतं.

हसू नका, खरंच सांगतेय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जालन्यात मस्तगडला त्यांचं डीटीपीचं दुकान आणि मी तिथली ऑपरेटर. जगाच्या लग्नपत्रिका करता करता एक दिवस स्वतःचीच करायला बसले.

आधी एक सोयरीक मोडली होती. त्यामुळे घरात सगळे जीव मुठीत धरून होते.

आणि होणारे सासरे भोकरदनहून थेट दुकानात आले. पहिली पत्रिका राजूरच्या गणपतीपुढे ठेवायची, म्हणून छापण्याआधी नजरेखालून घालायला.

स्क्रीनवर गणपती होता.

मुकुट नव्हता. कपाळाच्या वर सरळ रेषेत कापलेला.

मामंजी उठून उभेच राहिले. "हे लक्षण काही ठीक न्हाई."

मी युनूसभाईंकडे पाहिलं.

युनूसभाईंनी गुपचूप प्रिंट काढून हातात दिली. कागदावर गणपती मुकुटासकट.

मामंजी म्हणाले, "कागदावर बराबर हाय, मंग इथं काहून कापला?"

"बराबर इचारलं, दादा. बसा. बघूनच जा."

युनूसभाईंनी झूम बदलून पाहिलं. चित्राची चौकट वाढवून पाहिली. मुकुट गायबच.

मग म्हणाले, "चित्र जागेवर हाय. मशीन दाखवायची जल्दी करून राह्यलंय, म्हणून अर्धं सोडून देतं." सेटिंगमध्ये जाऊन हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनची म्हणजे चित्र दाखवायच्या वेगाची पट्टी त्यांनी पार खाली ओढली आणि मशीन रिस्टार्ट केलं.

काळ्या स्क्रीनपुढे मामंजी चपला काढून बसले होते.

फाइल उघडली. आता चित्र हळूहळू, वरून खाली उतरायला लागलं. सगळ्यात आधी मुकुट. मग कपाळ, सोंड, हातातला मोदक.

मामंजींनी मॉनिटरला हात जोडले. "आता बिलकुल बराबर."

ते गेल्यावर मी पट्टी परत वर करायला गेले, कारण मशीन बैलगाडीच्या चालीनं चालत होतं. युनूसभाईंनी माऊस काढून घेतला.

"राहू दे. तुझ्या अक्षता पडेपर्यंत हिला हात लावायचा न्हाई. सोयरे परत आले तर?"

ऐन लग्नसराई. गिऱ्हाईकं खोळंबायची, बोंबलायची. युनूसभाई आपले म्हणायचे, "मशीन बीमार हाय, चहा घ्या."

आणि सोयरे आलेच! मामंजी दोघा भावांना घेऊन आले, मुकुट कसा उतरतो ते दाखवायला. मी मान खाली घालून फाइल उघडली आणि मनातल्या मनात युनूसभाईंच्या पाया पडले.

मांडवपरतणीला माहेरी आले तेव्हा दुकानात गेले. मला समोर बसवून त्यांनी ती पट्टी वर सरकवली.

"झालं. आता मशीन बी सुटलं अन् मी बी."

सख्ख्या बापानं याहून काय वेगळं केलं असतं?

आज त्यांचा फोटो इथं टाकला, तर वरून टोपी कापली जातेय. तीनदा टाकून पाहिला.

फोटोवर बोट टेकवा, पूर्ण उघडेल. जरा वेळ लागेल. लागू द्या.

युनूसभाई, तुम्ही पूर्णच दिसले पाहिजेत.

तुमच्या ऑपरेटरचा शेवटचा सलाम.