गफूरभाईची शेंग

जिनिंगच्या आवारात सरकी जशी कुणी न साठवता साठते, तसे आमच्या पत्त्यांच्या बैठकीतले किस्से साठले आहेत. मी नंदुरबारच्या एका जिनिंगमध्ये फिटर होतो. कापूस संपून यंत्रं थांबली, की दुपारी शेडमध्ये आमची तीन पत्ती सुरू व्हायची. डाव चिंचोक्यांवर. पण हरणाऱ्याला गावभर ऐकावं लागायचं, म्हणून कुणी हलक्यानं घेत नसे. आणि त्या बैठकीची शान म्हणजे आमचा गफूरभाई.

*

सुरुवातीला मात्र तो नुसता हरायचा. पत्र्याचे डबे, कंदील बनवणारा सरळ माणूस. हातात काही नसताना चाल वाढवली, की त्याचे कान लाल व्हायचे.

"गफूरभाई, तुन्हा कान बोली ऱ्हायनात," मी म्हणायचो, आणि तो निमूट पत्ते टाकायचा.

मग त्यानं फसवणं सोडलं. तर तो चाल वाढवतोय म्हणजे पत्ते भारी, हे कळून आम्हीच पळू लागलो. भारी पत्त्यांवरही त्याला काही मिळेना.

*

इलाज सापडला घरी. त्याची पोरं झोक्यावरून भांडायची, तेव्हा अमीनाभाबी भुईमुगाची शेंग फोडायची. तीन दाणे निघाले तर धाकटीचा झोका, नाहीतर थोरल्याचा. गफूरभाई बघत बसला होता. भाबी म्हणाली, "तुमले खोटं बोलता येत नही, ते शेंगले बोलू द्या."

दुसऱ्या दिवशी तो खिसा भरून शेंगा घेऊन आला. पत्ते हलके आले की शेंग फोडायची. दोन दाणे निघाले तर पत्ते टाकायचे, तीन निघाले तर बेधडक चाल वाढवायची. त्या दिवशी काहीच हातात नसताना त्यानं मला पत्ते टाकायला लावलं, आणि कान जसेच्या तसे!

"मी कुठे खोटं बोलनू?" तो म्हणाला. "शेंगनी सांगं, मी करं."

*

आम्हीही काही दूधखुळे नव्हतो. शेंग फोडली म्हणजे पत्ते हलके, हे चार दिवसांत ओळखलं. मग तो प्रत्येक डावाला शेंग फोडू लागला. आम्ही दाणे मोजू लागलो. तेव्हापासून तो शेंग तोंडात टाकून फोडू लागला. दाणे जिभेनं मोजायचा, टरफल थुंकायचा.

*

एकदा शेंगेनं त्याला लागोपाठ बुडवलं. सारखे तीन दाणे, आणि समोर दरवेळी कुणाचे तरी भारी पत्ते. मी म्हटलं, "आज तिन्हं ऐकू नको."

"आज मन्हं ऐकसू, ते कान बी ऐकतीन," तो म्हणाला, आणि उरलेले चिंचोकेही शेंगेच्या सांगण्यावरून घालवले. त्या हरण्याचा मला अजून अभिमान वाटतो.

*

मग आला म्हसावदचा रतनबापू. बैलाच्या डोळ्यांत बघून त्याची खोड सांगणारा शेतकरी, माणसाची काय कथा! बाजाराच्या दिवशी तो आमच्यात बसला आणि म्हणाला, "शेंगवर खेळनारा कसला खेळाडू? आज हरनात ते ही बैठक मोडा." आम्ही हो म्हणून बसलो.

शेवटच्या डावात दोघेच उरले. गफूरभाईनं शेंग तोंडात टाकली. कडकन आवाज झाला. क्षणभर तो थांबला, टरफल थुंकलं, आणि आपले सगळे चिंचोके पुढे सरकवले.

रतनबापू त्याच्याकडे बघत राहिला. कपाळ, डोळे, कान, हात. शेवटी त्यानं मान हलवली, डाव सोडला आणि पत्ते उघडे टाकले. राजांची जोडी होती. गफूरभाईनं आपले पत्ते पालथेच गड्डीत मिसळून टाकले.

घरी जाताना मला राहवेना. "दोन दाणा व्हतात का तीन?"

गफूरभाई चालता चालता म्हणाला, "शेंग पोचट व्हती."