पुढे सरकलेलं गोणपाट

तांदळाचं रिकामं पोतं झटकलं की तागाच्या वासाबरोबर मला पोलादपूरकडच्या एका वाडीवरची शाळा आठवते. नव्वदच्या दशकात मी तिथे मुख्याध्यापक होतो आणि मुलं बसायला घरून गोणपाट आणत. पहिलीतली एक मुलगी जूनमध्ये दाराबाहेर पडवीत बसायची, तोंडातून शब्द काढत नसे. शिमग्याला तिचा बाप मुंबईहून आला, तो थेट वर्गात. "गुरुजी, हिला अजून वाचता येत नाय. मुंबईला नेतो, धाकट्या भावाला तरी सांभाळंल." मी म्हटलं, "गणपतीत ती उंबऱ्याशी होती, दिवाळीनंतर मागच्या भिंतीशी. आज मधल्या रांगेत आहे. रोज थोडी सरकते." तो हसला. "सरकली म्हंजे शिकली काय? चल गो, ऊठ." मुलगी उठली, तिने गोणपाटाची घडी केली. आता ही गेली, असं मला वाटलं. तिने ते फळ्याच्या अगदी पुढ्यात अंथरलं आणि त्यावर बसून म्हणाली, "बाबा, मी नाय येत." वर्गात आम्ही ऐकलेलं तिचं ते पहिलं वाक्य. बाप एकटाच मुंबईला गेला. प्रगतिपुस्तकात अशा प्रगतीसाठी रकाना नव्हता. मी शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'पुढे बसते.'